पेशीचा धर्म आणि मुरुडचा ठराव

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई जोशी या विधवेशी विवाह केला. त्यानंतर हे जोडपे दापोली तालुक्यातल्या मुरुडला, आपल्या गावी गेले, तेव्हा गावाने सभा भरवली. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर बसायचे नाही, ते हजर असतील त्या सभेला जायचे नाही आणि यापुढे घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे, असा तिथल्या ठरावांचा आशय होता. कर्व्यांची आई त्याच गावात राहत होती. लेक आला तर त्याला घरात घ्यायचे की गावात राहायचे, एवढेच तिच्यापुढे उरले.

हा ठराव करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांच्या मनात दोन समजुती घट्ट रुतलेल्या होत्या. पहिली अशी की वैधव्य म्हणजे त्या बाईच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. नवरा पटकीने गेला असो वा तापाने, दोष तिच्या संचिताचा, आणि ते भोगूनच संपवायचे असते. दुसरी समजूत अशी की समाज हे एक शरीर आहे आणि बिघडलेला अवयव वेळेवर तोडला नाही तर सगळा देह नासतो. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दुर्गादेवीचे देऊळ असलेल्या या गावाने आपल्या परीने देहरक्षणच केले होते.

विधवांच्या बाबतीत ही भाषा आता कोणी उघडपणे करीत नाही. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ती घरोघर ऐकू येते. ‘कुठल्या जन्मीचे भोग म्हणायचे’, ‘कोणाचे काही वाईट केले नाही हो तिने, मग तिलाच का?’ ही वाक्ये रुग्णाच्या उशाशी बसूनच बोलली जातात. अलीकडे त्यांना विज्ञानाचा पेहराव चढवण्याची हौसही दिसते. शरीरात पेशींना शिस्त लावणारे एक प्रथिन असते, ते हरवले की पेशी स्वार्थी होतात आणि स्वार्थाचे फळ म्हणजे कर्करोग, असा उपदेश प्रवचनांतून सहज करता येतो. म्हणून आधी ते प्रथिन नीट पाहायला हवे. त्याचे नाव पी५३.

पी५३ चा शोध १९७९ साली लागला. ब्रिटनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, अमेरिकेत डॅनियल लिंझर आणि आर्नल्ड लेव्हिन, शिवाय आणखी काही गट एकाच सुमारास त्याच्यापर्यंत पोचले. हे सगळे माकडांच्या एका विषाणूने कर्करोगी बनवलेल्या पेशी किंवा तशाच गाठींच्या पेशी तपासत होते, आणि त्यांत हे प्रथिन भरपूर सापडत होते. निरोगी पेशीत ते जवळजवळ दिसत नसे. तेव्हा निष्कर्ष उघड वाटला, की हेच प्रथिन कर्करोग घडवते. पेशीतून वेगळे काढून त्याच्या जनुकाच्या नकला केल्या गेल्या, त्या दुसऱ्या पेशींत घातल्या, तर त्याही कर्करोगाकडे झुकल्या. आरोप पक्का झाला आणि सुमारे दहा वर्षे टिकला.

१९८९ साली तो उलटला. बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी तपासताना असे दिसले की त्यांत सतराव्या गुणसूत्रावरच्या पी५३ च्या जनुकाची एक प्रत गहाळ असते आणि उरलेल्या प्रतीत चूक असते. म्हणजे आजवर गाठींमधून उचलून ज्याच्यावर प्रयोग केले ते मुळातच बिघडलेले पी५३ होते. चांगल्या पेशीतले, शाबूत पी५३ घातले तर गाठीची वाढ थांबत होती. कर्करोग जिथे असेल तिथे जे सापडते तेच त्याचे कारण, अशी ती चूक होती. जगातल्या उत्तम प्रयोगशाळांनी ती केली आणि पुराव्यापुढे मान तुकवून दुरुस्तही केली. नवऱ्याच्या मृत्यूपाशी जी सापडते तीच त्याला कारण, हे अनुमान मोडायला आपल्याकडे याहून फार जास्त काळ लागला, आणि तिथे नवा पुरावा कोणी मागतही नव्हते.

शाबूत पी५३ करते तरी काय? ३९३ अमिनो आम्लांची ही साखळी. अशा चार साखळ्या एकत्र येऊन डीएनएला विशिष्ट जागी चिकटतात आणि तिथली जनुके चालू करतात. एरवी पेशीत ते अगदी थोडे असते, कारण एमडीएम२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला सतत विनाशाकडे पाठवत राहते. तयार झालेले पी५३ जेमतेम २० मिनिटांत निम्मे होते. बनवायचे आणि मोडायचे, ही उधळपट्टी वाटेल. पण आगीचा बंब इंजिन चालू ठेवूनच उभा असावा तसे हे आहे. डीएनएचा धागा तुटला की काही प्रथिने पी५३ वर खूण करतात, एमडीएम२ ची पकड सुटते आणि थोड्याच वेळात त्याचा साठा वाढतो.

मग ते पेशीचे विभाजन थांबवते. त्यासाठी पी२१ नावाचे प्रथिन कामाला लावते. हे १९९३ मध्ये कळले. थांबलेल्या अवधीत डीएनएची दुरुस्ती झाली तर पेशी पुन्हा चालू लागते. दुरुस्ती झाली नाही तर पेशी कायमची विभाजन सोडून देते, किंवा मरते. हा मृत्यू अपघाती नसतो. पेशी आपणच आपले तुकडे करते, ते तुकडे पातळ आवरणात बंद होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात आणि कुठे सूजही येत नाही. दुपारच्या उन्हात समुद्रावर बसून पाठ भाजली की दोन-तीन दिवसांनी साल निघते. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनए बिघडलेल्या त्वचेच्या पेशींतल्या कित्येक पी५३ च्या सांगण्यावरून आधीच संपलेल्या असतात. प्रौढ माणसाच्या देहात दररोज हजारो कोटी पेशी वेगवेगळ्या कारणांनी अशा शांतपणे जातात.

हे प्रथिन गेले की पेशीची वागणूक पालटते. तुटक्या डीएनएसह ती विभागत राहते, प्रत्येक खेपेला नव्या चुका साठवते, गुणसूत्रांची संख्याही बिघडू लागते. केमोथेरपीची अनेक औषधे आणि किरणोपचार पेशीच्या डीएनएला इजा करून, म्हणजे बऱ्याच अंशी पी५३ लाच जागे करून तिला मारतात. जागे व्हायला कोणी नसेल तर ती त्यांनाही दाद देत नाही. आणि कित्येकदा पी५३ निघून जात नाही, बदललेल्या रूपात राहते. असे बिघडलेले पी५३ चांगल्या प्रतींना निकामी करते आणि काही रूपांत तर पेशीला आजूबाजूच्या ऊतींत घुसायला, दूर पसरायला मदत करते. ते एमडीएम२ ला बोलावत नाही, म्हणून मोडलेही जात नाही आणि साठत जाते. गाठींच्या पेशींत १९७९ च्या सुमारास नजरेत भरले ते बऱ्याच अंशी हेच. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत या एका जनुकात बिघाड सापडतो.

इथे उपदेशाचा मोह होतो, आणि महाराष्ट्रात तर त्याला सामग्री भरपूर आहे. ज्ञानेश्वरांनी आळंदीला घेतलेली समाधी, विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला अन्नपाणी सोडून दिलेला देह: कार्य संपल्यावर शांतपणे बाजूला होणाऱ्या पेशीशी यांची जोड लावून देणे अवघड नाही. ऐकायला ती उदात्त वाटते, पण ती टिकत नाही. विनोबांना अन्न घेणे शक्य होते आणि त्यांनी ते घेतले नाही. त्यागाला अर्थ येतो तो या दुसऱ्या शक्यतेमुळे. पेशीपुढे दुसरी शक्यता नसते. पी५३ चे प्रमाण आणि पेशीची अवस्था यांवर पुढचे ठरते. जी पेशी मरते ती संत नव्हे, जी मरत नाही ती पापी नव्हे. धर्म आणि अधर्म हे शब्द जिथे निवड आहे तिथेच लागू पडतात, आणि कर्करोगाच्या पेशीला स्वार्थी म्हणताना आपण तिला नसलेले मन देऊन टाकतो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण पेशी ज्या माणसाची, त्याच्यापर्यंत तो शब्द सरकत जातो.

पी५३ बिघडते कशाने, हे आता अक्षराच्या पातळीवर माहीत आहे. तंबाखूच्या धुरातला बेन्झोपायरिन हा पदार्थ शरीरात बदलून डीएनएला चिकटतो, आणि पी५३ च्या जनुकात तो नेमक्या ज्या जागांना चिकटतो त्याच जागा धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या गाठींत बिघडलेल्या आढळतात, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतले किंवा मक्यातले अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगात याच जनुकाच्या २४९ क्रमांकाच्या जागी आपली खूण सोडते. उन्हाची खूण निराळी. चूक पाहून कारण ओळखावे इतका हा लेखी पुरावा स्पष्ट आहे, आणि त्यात माणसाच्या चारित्र्याची नोंद कुठेही नाही.

कोकणातलेच एक उदाहरण घ्यावे. मारुती शिवरामपंत कांबळी यांचे बालपण मालवणजवळच्या कांदळगावात गेले. तो भाग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मुंबईत त्यांनी विड्यांचे दुकान चालवले, सिद्धरामेश्वर महाराजांचा अनुग्रह घेतला आणि खेतवाडीतल्या माळ्यावर बसून अद्वैताची अशी उकल केली की देशोदेशींची माणसे तो जिना चढून येऊ लागली. निसर्गदत्त महाराज ते हेच. ते स्वतः विडी ओढत. घशाच्या कर्करोगाने ८ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. आजारातही त्यांचे संवाद चालू होते. रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्याच कर्करोगाने गेले. रमण महर्षींच्या दंडावर गाठ आली, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५० च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. यांच्या बाबतीत भक्त म्हणतात की त्यांनी शिष्यांचे भोग आपल्यावर घेतले. ती श्रद्धा आहे आणि तिच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण मग एकच रोग संतांना झाला तर करुणा आणि शेजारणीला झाला तर तिचे पाप, हे कसे? एकाच लक्षणाचे असे दोन अर्थ लावले जातात तेव्हा अर्थ रोगातून निघत नसतो, पाहणारा तो लावत असतो.

रोग आणि पाप यांची सांगड धर्मशास्त्रात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पातकाने पुढच्या जन्मी कोणता दोष येतो याची यादी येते: ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय, सोने चोरणाऱ्याची नखे वाईट, मद्य पिणाऱ्याचे दात काळे. या विषयावर पुढे कर्मविपाकाचे वेगळे ग्रंथच झाले. त्यांचा साक्षेपी इतिहास लिहिला तो दापोलीत शिकलेल्या पांडुरंग वामन काणे यांनी, आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात. त्या ग्रंथांचा एक उपयोग काही अंशी समजण्यासारखा आहे. क्षयाचा जंतू कोणी पाहिला नव्हता, गुणसूत्र कोणाला माहीत नव्हते, आणि जग अकारण नाही अशी खात्री माणसाला हवी होती. मात्र क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला. ब्रह्महत्येशी त्याचा काहीही संबंध निघाला नाही.

परंपरा तरी एकमुखी कुठे होती? चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश विचारतो की आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेयांचे उत्तर असे, की दैव आणि पुरुषार्थ या दोन्हींवर ते अवलंबून असते. सगळेच नेमून दिलेले असते तर औषधे, पथ्य यांना काही प्रयोजनच उरले नसते. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना सरळ विचारले, की माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांचे बरोबर आहे काय? बुद्धांनी पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र कोप, ऋतूतला बदल, हयगय, झालेला मार आणि शेवटी कर्म अशी आठ कारणे मोजून दाखवली, आणि सगळे कर्माच्या माथी मारणारे लोक दिसते त्याच्याही पलीकडे जातात असे सांगितले. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा संयम आजच्या पुष्कळ प्रवचनकारांत आढळत नाही, याचे वाईट वाटते.

प्रश्न बदलला की काय हाती लागते, याचा उत्तम नमुना डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा खानोलकरांनी सांभाळल्या. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक, याच्या नोंदी घेताना त्यांनी सवयींकडे पाहिले. ओठाच्या आत खैनी ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच कर्करोग होतो, आणि वर्षानुवर्षे कंबरेला धोतर घट्ट आवळणाऱ्यांच्या कंबरेच्या त्वचेवर तो उद्भवू शकतो, हे १९४५ मध्ये त्यांनी मांडले. धोतर नेसणे हे पाप नव्हे. माणूस काय करतो एवढेच त्यांनी विचारले, माणूस कसा आहे हे विचारले नाही.

मुरुडचा या प्रश्नाशी आणखी एक, अधिक जवळचा संबंध आहे. कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १८८२ साली मुरुडचाच. गावाने वडिलांवर बहिष्कार घातला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. पुढे गणिताचे प्राध्यापक झालेल्या या माणसाने १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉक्टर आंबेडकर. लैंगिक संबंधांतून होणारे रोग हे रोग आहेत, पापाचे शासन नव्हे, त्यांची माहिती द्यावी आणि उपचार करावा, हे त्यांचे म्हणणे लोकांना विधवाविवाहाहूनही अधिक झोंबले. वडिलांनी विधवेच्या कपाळावरचा पापाचा शिक्का पुसायला घेतला, मुलाने रोग्याच्या. या दोघांत मुलाला समाजाने आजही पुरते आपले म्हटलेले नाही.

रघुनाथरावांच्या हयातीत जे कोणालाच माहीत नव्हते ते पुढे कळले. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांश एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून पसरतो. या विषाणूचे ई६ नावाचे प्रथिन पी५३ ला पकडून पेशीच्या मोडतोड यंत्रणेकडे सोपवते, हे १९९० मध्ये कळले. जनुक तसेच, निर्दोष. त्याने बनवलेले प्रथिन मात्र लगेच नाहीसे. एकच पती असलेल्या, सगळी व्रते सांभाळणाऱ्या बाईच्या देहात हा विषाणू नवऱ्याकडून येऊ शकतो, आणि कित्येक वर्षांनी रक्तस्राव सुरू झाला की ती लाजेने कोणाला सांगत नाही. ‘त्या’ जागेचा रोग म्हटल्यावर नजरा तिच्याकडेच वळतात. वैधव्यात जसे मरण दुसऱ्याचे आणि पाप तिचे, तसेच इथे. म्हणून कर्मसिद्धान्ताची चर्चा केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गातली चर्चा राहत नाही: पाप समजून लपवलेला रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात दवाखान्यात पोचतो.

आता कर्मवाद्याच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे, कारण विज्ञान जे उत्तर देते ते सोसायला कठीण आहे. ली-फ्रॉमेनी नावाचा एक दुर्मीळ दोष आहे. त्या कुटुंबातल्या मुलांना पी५३ ची एक प्रत जन्मतःच बिघडलेली मिळते, आणि त्यांना लहानपणी किंवा ऐन तारुण्यात कर्करोग होतात, काहींना एकामागून एक. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये अशी घराणी नोंदवली. कारण १९९० मध्ये कळले. अशा लेकराच्या आईला काय सांगायचे? अमुक जागचे एक अक्षर बदलले आहे, एवढेच. व्होगेलस्टाइन यांनीच २०१५ मध्ये क्रिस्टियन तोमासेत्ती यांच्याबरोबर असे मांडले, की वेगवेगळ्या अवयवांतील कर्करोगाच्या जोखमीत जो फरक दिसतो त्याचा बराच मोठा भाग तिथल्या मूळपेशी किती वेळा विभागतात यावरून समजतो, म्हणजे डीएनएच्या नकला उतरवताना होणाऱ्या यादृच्छिक चुकांवरून. त्यावर पुष्कळ वाद झाला, आणि टाळता येण्याजोगे कर्करोग थोडेच असतात असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण यदृच्छेचा वाटा आहे, हे मान्य करावेच लागते. ‘का’ या प्रश्नाला ‘उगाच’ हे उत्तर मिळाले की माणूस पोरका होतो. कर्मसिद्धान्त त्याला निदान एका सुसंगत जगात ठेवतो.

हा आधार खरा आहे. एखादी बाई स्वतःच्या दुखण्याविषयी ‘माझे भोग आहेत, भोगीन’ म्हणते आणि त्या बळावर केमोथेरपीची सहा आवर्तने पार करते, तेव्हा तिच्या हातून ते वाक्य हिसकावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण हेच वाक्य दुसऱ्याने तिच्याविषयी उच्चारले की त्याचा अर्थ संपूर्ण बदलतो. स्वतःविषयी म्हटले तर तो स्वीकार असतो. दुसऱ्याविषयी म्हटले तर निवाडा. कर्माचा सिद्धान्त खरा की खोटा हे कदाचित कधीच सिद्ध होणार नाही. तो कोणी, कोणाविषयी बोलायचा याचा निर्णय मात्र आपल्या हाती आहे. मुरुडच्या सभेतल्या कोणालाही गोदूबाईंच्या पूर्वजन्माची माहिती नव्हती. तरी निवाडा झाला.

दुसऱ्या समजुतीचे काय, समाज हे शरीर आहे या? पुरुषसूक्तापासून ही प्रतिमा आपल्या मनात आहे, आणि युरोपातही ती जुनीच आहे. पी५३ कळल्यापासून तिला नवा जोम मिळाल्यासारखा वाटतो: देह टिकतो तो नियम मोडणाऱ्या पेशीला संपवण्यामुळे, मग समाजाने तेच केले तर चुकले कुठे? चुकते ते असे. देहातल्या जवळजवळ सगळ्या पेशी एकाच पेशीपासून आलेल्या, एकच जनुकसंच बाळगणाऱ्या. यकृताच्या पेशीला देहाबाहेर आयुष्य नाही, स्वतःचे मत नाही, देहाचा नियम तपासून पाहण्याची सोय नाही. माणसाला हे सगळे आहे. नियम मोडणारी पेशी देहाला काही नवे शिकवू शकत नाही. नियम मोडणाऱ्या माणसाने १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, हिंगण्याला तो वाढवला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारले.

आणि खुद्द देहातसुद्धा अतिदक्षता फुकट मिळत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात उंदरांमध्ये पी५३ नेहमीपेक्षा अधिक जागे राहील असा बदल घडला. त्या उंदरांना गाठी फारच कमी झाल्या. पण ते अकाली म्हातारे झाले: हाडे ठिसूळ, पाठीला पोक, जखमा भरेनात, आयुष्यही तोकडे. क्षुल्लक बिघाडावरून पेशी संपवत गेल्यामुळे नव्या पेशी घडवणारा साठाच आटला असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. हत्तीच्या देहात या जनुकाच्या २० प्रती असतात, माणसात एकच जोडी. तरी हत्ती अकाली म्हातारा होत नाही, कारण त्याच्यात त्या प्रतींचे नियमनही त्या बेताने विकसित झाले असावे. पी५३ इतकाच त्याला वेळेवर आवरणारा एमडीएम२ महत्त्वाचा आहे. तो काढून टाकला तर उंदराचा गर्भ वाढूच शकत नाही. समाजाला देहच म्हणायचे असेल तर हेही घ्यावे लागेल. मुरुडच्या सभेत ठराव करणारे होते, त्यांना आवरणारे कोणी नव्हते. कर्वे १०४ वर्षे जगले, १९५८ मध्ये भारतरत्न झाले, आणि ज्या गावाने त्यांना बैठकीवरून उठवले तिथेच त्यांचे स्मारक आहे.

जबाबदारीचा प्रश्न यामुळे संपत नाही, उलट नेमक्या जागी येतो. कोकणात कित्येक घरांत बायका अजून तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात आणि सकाळी दातांना लावतात. सासूची सवय सुनेला लागते. तोंडाच्या कर्करोगाशी तंबाखूचे नाते ठाऊक असून तिच्यापर्यंत ते पोचवले गेले नसेल, तर ते कोणाचे कर्म? डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या ठिकाणी, रत्नागिरी जिल्ह्यातच कर्करोगाचे उपचार मिळू लागले आहेत. पूर्वी गाठ हाताला लागल्यावर मुंबईची वाट धरायची तर एक हंगाम निघून जाई.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर महाराष्ट्रातच जगाला उपयोगी पडणारा पुरावा मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना चार गटांत विभागून १९९९ पासून एक चाचणी झाली. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय तिच्यात होते. एका गटाची एचपीव्हीसाठी फक्त एकदा तपासणी झाली. दुसऱ्या दोन गटांच्या तपासण्या वेगळ्या पद्धतींच्या होत्या. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा तेवढी उपलब्ध होती. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४.

या आकड्यांवरून नंतर मोठा वाद झाला. तपासणीचा उपयोग होतो हे श्रीमंत देशांत आधीच दिसले असताना एका गटाला तिच्यावाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा आक्षेप परदेशांतून आणि इथूनही घेतला गेला. चाचणी करणाऱ्यांची बाजू अशी की ग्रामीण भारतात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे या बायकांकडून काही काढून घेतलेले नाही, आणि इथल्या परिस्थितीत कोणती पद्धत परवडेल आणि जीव वाचवेल हे दुसऱ्या मार्गाने कळले नसते. दोन्ही बाजूंना वजन आहे. पण सोय नव्हती, हे उत्तर शेवटी ज्यांनी सोय केली नाही त्यांच्याकडे बोट दाखवते, आणि त्यांत चाचणी करणारे डॉक्टर एकटे नव्हेत. कर्मविपाकाच्या जुन्या ग्रंथांत प्रत्येक पातकाला प्रायश्चित्त नेमून दिलेले असे. त्या ६४ जणींच्या बाबतीत पातक कोणाचे आणि प्रायश्चित्त कोणी घ्यायचे, यावर मात्र कोणत्याही गावात अजून सभा भरलेली नाही.